भाऊजींचा काउंट

आमचे हे गेले आणि थोड्याच आठवड्यांत भाऊजी पुन्हा कामावर जाऊ लागले. काम म्हणजे ड्रम वाजवणं. लोकांना ते काम वाटत नाही. "ते ठीक आहे हो, पण नोकरी कुठे करतात?" असं मला बँकेत, दवाखान्यात, जिन्यात, सगळीकडे विचारून झालंय. मी सांगते, ड्रमच वाजवतात. मोठ्या हॉटेलांच्या हॉलमध्ये, कंपन्यांच्या मेजवान्यांना, लग्नाच्या स्वागत समारंभांना. सकाळी मुलांच्या शिकवण्या घेतात. त्यावरच पोट भरतं आणि कुणापुढे हात पसरावा लागलेला नाही.

हे त्याच बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे. चार जाड तारांची ती गिटार कानाला कमी ऐकू येते, छातीला जास्त कळते. दिवसा हे विजेचे मीटर दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी गिटार उचलून धाकट्या भावाबरोबर निघायचे. दोघं जिना उतरताना सासूबाई म्हणायच्या, "चालले दोघे गोंगाट करायला." त्या कानात कापूस घालूनच स्वयंपाक करायच्या, आणि मग आम्ही हाक मारली तर ऐकू आली नाही म्हणून आमच्यावरच चिडायच्या.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भाऊजींना नुकती मिसरूड फुटत होती. जेवताना ताटावर, आंघोळीच्या वेळी बादलीवर, अभ्यासाला बसले की वहीच्या पुठ्ठ्यावर, सतत ठोकाठोकी. माझ्या लग्नातली उशी एका पावसाळ्यात चपटी झाली. मी विचारलं तर म्हणाले, "वहिनी, उशीवर काठी परत उसळत नाही. दर वेळी हात स्वतः उचलावा लागतो. त्याशिवाय मनगट तयार होत नाही."

"मग स्वतःची उशी घ्या."

"माझी संपली."

आतून हे ओरडले, "माझीही संपली आहे, सांभाळून बोल!"

हात तयार झाला, पण भाऊजी वाजवायचे फार. म्हणजे जितकी जागा मिळेल तितकी भरून काढायची. गाणाऱ्या बाई श्वास घ्यायला थांबल्या की तेवढ्यात भाऊजींची गडगड सुरू. एकदा तालमीत बाईंनी माईक खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुझं एकट्याचंच होऊन जाऊ दे. मी घरी जाऊन कपडे धुते." बाई म्हणजे बँडच्या गायिका. वयानं सगळ्यांत मोठ्या, आवाजानं सगळ्यांत तरुण, आणि जिभेला हाड नाही. भाऊजी त्यांना फार घाबरायचे.

त्या दिवशी घरी आल्यावर हे शांतपणे म्हणाले, "कुणी बोलत असताना मध्ये मध्ये बोलणाऱ्याला काय म्हणतात?"

भाऊजींची ताटावर वाजणारी बोटं थांबली.

"तसं वाजवतोस तू."

शिकायला वर्षं लागली. एक ठोका कमी कर, आणखी एक कमी कर. मला संगीतातलं कळत नाही, पण घरात उशीवरचा आवाज विरळ होत गेला एवढं कळत होतं. मग एके दिवशी भाऊजी उड्या मारतच आले. बँडचे म्होरके कीबोर्डवाले त्यांना म्हणाले होते, "आज ड्रम होते हे कळलंच नाही."

मी म्हटलं, "हे काय कौतुक झालं?"

हे म्हणाले, "याच्यापेक्षा मोठं कौतुक नाही." आणि भाऊजींच्या ताटात स्वतःच्या वाटणीचं वाढलं.

लग्न त्यांनी केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायचे, "इतक्या लोकांच्या लग्नात वाजवलंय वहिनी, माझ्यात वाजवायला कोण येणार?" पुढे पुढे विचारणं बंद झालं. वरची खोली त्यांची, खालचं घर आमचं, जेवण एकत्र.

मग एका दुपारी हे कामावरून येताना जिन्यात टेकले, ते उठले नाहीत. शेजारच्यांनी मला बोलावलं. पिशवी नीट कठड्याला टेकवून ठेवलेली होती.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फारसं काही नाही. येणारे आले, जाणारे गेले. मी रडले नाही. लोकांना वाटलं मी धीराची आहे. तसं काही नव्हतं. मी माळ घेऊन बसायचे, मणी बोटांखालून सरकायचे, देवाचं नाव तोंडातून निघायचं, आणि संपलं की मला कळायचं, आपण इथे नव्हतोच. कुठे होतो तेही सांगता येत नव्हतं. मुलगी चार दिवस राहून गेली. निघताना म्हणाली, "आई, भाजीत मीठ नव्हतं ग. आजही नाही आणि कालही नव्हतं." मी भाऊजींकडे बघितलं. ते म्हणाले, "असेल." त्यांनीही दोन्ही दिवस ती पोटभर खाल्ली होती.

अशा अवस्थेत ते कामाला जात होते. मला वाटलं बरं आहे, मन रमेल. आणि एका सकाळी कीबोर्डवाले घरी आले.

ते आले ते ह्यांचा स्पीकरचा डबा न्यायला. बेस गिटारचा आवाज ज्यातून निघतो तो जड डबा. नवीन माणूस घेतला होता, त्याच्याकडे डबा नव्हता. पण चहा संपला तरी ते डब्याचं नाव काढेनात. भाऊजी शिकवणीला गेले होते.

"वहिनी, तुम्ही जरा त्याच्याशी बोला."

"कशाबद्दल?"

"सगळी गाणी तो एकाच वेगात वाजवतोय."

मला समजलं नाही. मग त्यांनी समजावलं. गाणं सुरू होण्याआधी ड्रमवाला दोन काठ्या एकमेकींवर आपटून 'एक दोन तीन चार' देतो. त्याला ते काउंट म्हणतात. तो ज्या वेगात देईल त्या वेगात सगळ्यांनी जायचं. संथ गाण्याचा काउंट संथ, नाचाच्या गाण्याचा जलद. भाऊजींचा काउंट म्हणजे घड्याळ, असं सगळे म्हणायचे. आणि आता दर गाण्याला एकच.

"परवाच्या समारंभात संथ गाणं घेतलं. जोडपी हातात हात घालून उठली, आणि बघता बघता कवायत करायला लागली. पुढचं नाचाचं गाणं आलं, ते असं पडलं की लोक ताटं घ्यायला निघाले. नवरदेव एकटाच मध्ये उभा."

"मग तुम्ही लोक थांबवत का नाही?"

"काउंट पडला की पडला हो वहिनी. चार जणांनी चार वेग धरले तर बाजार होईल. एकानं चुकीचा दिला तर सगळ्यांनी मिळून चुकायचं, असंच चालतं आमच्यात. आणि त्याच्यावर इतका विश्वास, की पहिल्यांदा आम्हाला वाटलं आमचंच काहीतरी बिनसलंय."

त्यांनी उपाय शोधला होता. कानात घालायचं एक यंत्र. त्यात आकडा लावला की ते टिक टिक करतं आणि ड्रमवाल्यानं त्याबरोबर वाजवायचं. हल्ली बरेच जण तसं करतात. भाऊजींनी नको म्हटलं होतं.

"एका कंपनीची वर्धापनदिनाची मेजवानी आहे, दुपारची. दर वर्षी आपल्यालाच बोलावतात. ती बिघडली तर पुढचं अवघड आहे. यंत्र घालत असेल तर उत्तम. नाहीतर मी दुसऱ्या एकाशी बोलून ठेवलंय." असं म्हणून त्यांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. "मला हे बोलायला बरं वाटत नाही. पण बाकीच्यांचीही घरं आहेत."

डबा त्या दिवशी नेलाच नाही. मला तो आठवला तेव्हा ते जिना उतरून गेले होते.

रात्री जेवताना मी भाऊजींना सरळ विचारलं, "तुम्हाला कळतं का, सगळं सारखं होतंय ते?"

"नाही. मी मनात वेगळा वेग धरतो. हात तोच काढतो."

"मग यंत्र का नको?"

"यंत्राचंच ऐकायचं तर यंत्रालाच वाजवू दे की. मला कशाला बसवायचं?" आवाजात राग नव्हता. रेडिओवर बातम्या सांगतात तसं सांगितलं.

"जागा गेली तर?"

"जाईल."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला, कारण घास हातातच राहिला. "नाही वाटत, वहिनी. त्याचीच पंचाईत आहे."

मी देवाला म्हटलं, ह्यांचं जे झालं ते झालं, त्याबद्दल मी काही विचारत नाही. भाऊजींचा हात तेवढा सोडव. या घरात तेवढंच एक चालू उरलं होतं.

दोन दिवसांनी स्पीकरचा डबा मीच रिक्षात घालून तालमीच्या जागी घेऊन गेले. लाकडाच्या वखारीच्या मागे, पत्र्याखालची एक लांबट खोली. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. ह्यांच्या जागी नवीन माणूस उभा होता, सगळे त्याला दाढीवाला म्हणत. दिवसा कुठल्याशा कार्यालयात हिशेब तपासायचा. वाजवतानाही हिशेब तपासल्यासारखाच ताठ उभा राहायचा.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. ह्यांच्या वेळीही तिथेच बसायचे, कधी विणायला काही घेऊन. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. बरोबर की चूक मला सांगता आलं नसतं. पण एक दिसलं. काउंट देण्याआधी भाऊजी दर वेळी डावीकडे, खाली बघत होते. काठ्या उचलल्या की मान वळायची, नजर जमिनीवर, आणि मग ठक ठक ठक ठक. तिथे दाढीवाल्याचा बूट होता. जाड तळव्याचा, पॉलिश केलेला, आणि जागेवर रुतल्यासारखा.

गाणं थांबल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, खाली काय बघता?"

"कुठे?"

"दर वेळी बघता. तिथे."

"मी? नाही हो."

"बघतोस," बाई म्हणाल्या. "मला वाटलं तिथे उंदीर आहे."

सगळे हसले. भाऊजीही थोडं हसले. आणि मग त्यांचं हसू जिथे होतं तिथेच राहिलं. त्यांनी पुन्हा त्या जागेकडे बघितलं, आणि या वेळी आपण बघतोय हे त्यांना माहीत होतं. माझ्याही डोळ्यांपुढे तेच आलं. ह्यांची तिथे काढून ठेवलेली चप्पल आणि उघडा उजवा पाय. गाण्याआधी त्याचा अंगठा जमिनीवर हलकेच पडायचा. आवाज नाही, काही नाही. मी कितीदा विणकामावरून मान वर करताना तो पाय बघितला असेल.

"दादाचा पाय," भाऊजी म्हणाले.

सगळ्यांनी त्या बुटाकडे बघितलं. मग दाढीवाला बिचारा म्हणाला, "मी हलवू का पाय?"

"हलवून बघ."

त्यानं हलवला. भाऊजींनी काउंट दिला. चार ओळींत दाढीवाल्याची बोटं अडखळली आणि सगळं कोसळलं. "माझं तसं होतं," तो कपाळ पुसत म्हणाला, "पाय चालला की हात बंद पडतात."

"मग घरून चालत येतोस तेव्हा पिशवी दातात धरतोस का?" बाई म्हणाल्या.

घरी येताना भाऊजी एवढंच म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं काउंट माझा नव्हताच." लोकांनी त्यांना घड्याळ म्हटलं होतं आणि किल्ली दुसरंच कुणी देत होतं. घरात आल्यावर त्यांनी पाण्याची टाकी धुवायला काढली. ती मागच्याच आठवड्यात धुतली होती. टाकी धुऊन झाल्यावर म्हणाले, "कीबोर्डवाल्यांना निरोप द्या, यंत्र चालेल म्हणून. मला आता काही फरक पडत नाही."

मी निरोप दिला नाही. म्हटलं, "आधी एक विचारते. ह्यांच्या पायाला कुठून कळायचं?"

"म्हणजे?"

"तुम्ही ह्यांचा पाय बघत होता. हे काय बघत होते?"

त्यांना माहीत नव्हतं. मलाही नाही. पण माहीत असणारं एक माणूस होतं आणि त्या माणसाला विचारायची भाऊजींची हिंमत नव्हती. शेवटी मीही बरोबर गेले.

बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. दार उघडलं तेव्हा ओल्या कपड्यांचा पिळा हातात होता. भाऊजींनी दारातच विचारून टाकलं. आत जायचा धीर झाला नसावा.

"तुझा दादा? तो मला विचारायचा," बाई म्हणाल्या. "गाण्याआधी माझ्याकडे बघून भुवई उडवायचा. मी मनात पहिली ओळ म्हणत असायची, माझी मान थोडी हलते. तेवढं बघून घ्यायचा."

"मला कधी कळलं नाही."

"तुला कसं कळणार? तू मला बघून भिंतीकडे तोंड करायचास." त्यांनी पिळा खांद्यावर टाकला. "एकाच गाण्याला त्यानं कधी विचारलं नाही. शेवटचं गाणं. ते किती संथ आहे माहितेय? आणि तुम्ही दोघं भाऊ ते पळवायचात. मी एकदा भांडले त्याच्याशी. तर म्हणतो, बाई, शेवटची बस चुकेल."

मला हे माहीत होतं. म्हणजे बस माहीत होती. हे धापा टाकत घरी यायचे आणि म्हणायचे, मिळाली. त्यासाठी बाईंचं गाणं पळत होतं हे माहीत नव्हतं.

भाऊजींनी उंबऱ्यावरून नजर उचलली. मग म्हणाले, "बाई, मला सांगाल का? दर गाण्याला? मला आतून काही येत नाहीये. तुमचं बघून देईन."

इतक्या वर्षांत त्यांनी बाईंशी सलग एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. बाईंनी खांद्यावरचा पिळा सावरला. मग म्हणाल्या, "पण मी पुढे उभी असते, तू मागे. मान हलली तर तुला माझा अंबाडा दिसणार."

त्यांनीच तोड काढली. एक हात माईकवर, दुसरा पाठीमागे कमरेवर, आणि त्या हाताची बोटं कमरेवर ठोका धरणार. तालमीत कीबोर्डवाल्यांनी नाक मुरडलं. "पाहुण्यांना दिसलं तर?"

"पाहुण्यांना माझी पाठ कशाला दिसेल? मी काय उलटी उभी राहून गाणार आहे?"

कीबोर्डवाल्यांनी तरी अट घातली. यंत्र भाऊजींच्या शेजारी ठेवायचं. एक गाणं जरी घसरलं तरी पुढचं गाणं यंत्रावर, आणि मेजवानी आटपली की तो दुसरा माणूस. भाऊजी हो म्हणाले.

मेजवानीला मी गेले. हॉलच्या बाजूच्या दारात, वाढपी ये-जा करतात तिथे उभी राहिले. मला धडधड व्हायला हवी होती, ती होत नव्हती. माळ बरोबर होती, पण काढली नाही. भाऊजींनी ड्रमचं स्टूल सरकवून बाईंच्या पाठीच्या बरोबर मागे घेतलं. बाईंची बोटं कमरेवर पडायला लागली की ते बघत, काठ्या उचलत, आणि काउंट देत. वेगळा. पुढचा आणखी वेगळा. लोक नाचायला उठले ते उठलेच राहिले. एका गाण्यात दाढीवाला गडबडला, पण ते त्याचं त्यानं सावरलं. कीबोर्डवाले मधूनमधून यंत्राकडे बघत होते.

शेवटचं गाणं आलं. बाईंची बोटं इतकी सावकाश पडत होती की मला वाटलं त्या विसरल्या. भाऊजींनी तसाच काउंट दिला. एवढ्या मोठ्या जागा मध्ये पडल्या की तिथे काहीतरी घालावंसं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी घातलं नाही. उलट एक काठी खाली ठेवली आणि डाव्या हाताच्या बोटांनीच ड्रमला शिवायला लागले, पीठ चाळून झाल्यावर चाळणीला टिचकी मारतात तसं. त्यांनी हे कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी बाई थांबल्या. ते ठरलेलं नव्हतं, हे कीबोर्डवाल्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. श्वास घ्यायला थांबल्या की आणखी कशाला, कोण जाणे. पाठीमागची बोटंही थांबली. भाऊजींचा हात वर होता. तो वरच राहिला. दाढीवाला भाऊजींकडे बघत होता, कीबोर्डवाले भाऊजींकडे बघत होते, आणि कुणी काही वाजवत नव्हतं. माझ्या शेजारी एक वाढपी ताटं घेऊन उभा होता, तोही थांबला. मग बाईंनी ओळ उचलली आणि त्याच क्षणी भाऊजींचा हात पडला, आणि सगळे त्यांच्याबरोबर गाण्यात परत आले.

टाळ्या नेहमीसारख्याच झाल्या. लोकांना त्यात काही वेगळं कळलं असेल असं नाही. कीबोर्डवाले आले, यंत्र उचलून स्वतःच्या बॅगेत टाकलं, आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी वेळेवर ये." बाई जाता जाता म्हणाल्या, "हात दुखला माझा. पुढच्या वेळी डावा घेईन."

काउंट आता बाईंचा होता आणि पुढेही त्यांचाच राहणार होता. हे भाऊजींनाही कळलं होतं. ते ड्रमच्या झांजा काढत होते, एकेक पुसून फडक्यात गुंडाळत होते. मी जवळ गेले.

"बरं झालं ना?"

"हो. बरोबर झालं."

"काही वाटलं का?"

ते पुसत राहिले. "नाही, तसं काही नाही वाटलं." मग थांबले. "बाई थांबल्या ना, तेव्हा भीती वाटली."

"म्हणजे वाटलं की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हो," ते म्हणाले. "भीती वाटली. खूप." आणि थोड्या वेळानं विचारलं, "तुम्हाला?"

मी म्हटलं, "मला अजून नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि एक झांज माझ्या हातात दिली, धरायला.